माळावरचे कर्नल साइक्स

साताऱ्याच्या माण-खटाव भागात अथवा सांगलीच्या आटपाडी-जत भागात पाऊस पडून माळ हिरवा झाला की डोक्यावर तुरा मिरवणारा एक तांबूस, चिमुकला पक्षी गात गात आकाशात चढतो. हा चंडोल. गाता गाता तो इतर पक्ष्यांच्या नकलाही करतो. त्याचे घरटे मात्र जमिनीवर, गवताच्या बुंध्याशी असते. शास्त्रज्ञ या चंडोलाला ‘देवा’ म्हणून ओळखतात. हे नाव ठेवणारे गृहस्थ एक इंग्रज लष्करी अधिकारी होते.

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात २५ जानेवारी १७९० रोजी झाला. अवघ्या तेराव्या वर्षी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात नाव नोंदविले. १८१७ साली खडकीच्या लढाईत ते पेशव्यांच्या फौजेविरुद्ध लढले.

ज्या मुलखात ते तलवार घेऊन आले, त्याच मुलखात १८२४ साली त्यांच्या हाती लेखणी आली. एल्फिन्स्टनसाहेबांनी त्यांना दख्खनची समग्र माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड हा मुलूख त्यांच्याकडे होता. सातारा तेव्हा प्रतापसिंह महाराजांच्या राज्यात होते. पक्ष्यांना मात्र या सीमा कोठून ठाऊक असणार! जमीन, पिके, लोकसंख्या यांची मोजदाद करता करता साइक्स पक्षी, मासे, पाऊस आणि हवा यांचीही टिपणे करीत. फुलपाखरांचा भाऊबंद जो रेशमी पतंग, त्याच्या रानातील किड्यांवरही त्यांनी निबंध लिहिला. त्या काळी पक्ष्याचा अभ्यास म्हणजे प्रथम त्याला बंदुकीने टिपणे. साइक्सही तेच करीत. आज ते आपल्याला रुचणार नाही.

१८२९ साली सरकारने ती जागाच रद्द केली. हजारो नोंदी अर्धवट पडल्या. दुसरा कोणी असता तर पलटणीत परतला असता. साइक्स यांनी लष्करी कामावर पाणी सोडले व १८३१ च्या जानेवारीत आपले काम पुरे केले.

पुढच्याच वर्षी, १८३२ साली, दख्खनच्या दोनशेहून अधिक पक्ष्यांची त्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अनेक पक्ष्यांना प्रथमच शास्त्रीय नाव मिळाले. आपल्या घारीला त्यांनी ‘गोविंदा’ म्हटले, हळद्याला ‘कुंडू’. सातभाईंच्या एका जातीला गव्हर्नर माल्कमसाहेबांचे नाव दिले. एका रातव्याला त्यांनी ‘मराठी मुलखाचा’ अशा अर्थाचे नाव बहाल केले. गंमत अशी की तो रातवा येथला रहिवासीच नव्हे! तो वायव्येकडून येतो, हिवाळाभर राहतो आणि परत जातो.

साइक्स पुढे कंपनीचे अध्यक्ष व पार्लमेंटचे सभासद झाले. १६ जून १८७२ रोजी त्यांचे निधन झाले. इंग्रजी पक्षिग्रंथांत तो तुरेवाला चंडोल आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मात्र दख्खनचे पुष्कळसे माळ आता नांगराखाली गेले आहेत आणि गवताच्या बुंध्याशी घरटे बांधणाऱ्या त्या पक्ष्याला पूर्वीइतकी मोकळी जागा उरलेली नाही.