राजा रविवर्मा : घरोघरी देव पोहोचविणारा चित्रकार

आश्विन महिन्यात घट बसले, म्हणजे आपल्या सभासद कुटुंबांच्या देवघरांतून एक दृश्य हमखास दिसते. पितळी मूर्तींच्या मागे, भिंतीला टेकवून, काचेच्या चौकटीत लक्ष्मीची एक जुनी तसबीर असते. कमळावर उभी असलेली चतुर्भुज देवी, अंगावर जरीकाठी पातळ, बाजूस हत्ती आणि मागे जलाशय. काही घरांत तर आजीने किंवा पणजीने त्या छापील पातळावर खरी जर आणि टिकल्या शिवून देवीला नटविलेले असते. ही तसबीर कोणाची, असे विचारले, तर गृहिणी सहज उत्तर देईल की आमच्या घरची, सासूबाईंच्या वेळेपासूनची. तिचे उत्तर खोटे नाही. परंतु त्या चित्राची मालकी चितारणाऱ्याची, छापणाऱ्याची, विकत घेणाऱ्याची, की सर्वांची, हा प्रश्न मूळ चित्रकाराच्या हयातीतच उभा राहिला होता. त्या चित्रकाराचे, राजा रविवर्मा यांचे, चरित्र या दृष्टीने वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा मानस आहे. आपल्या बडोद्याशी त्यांचा ऋणानुबंध होताच. पण या लेखाला आणखी एक निमित्त घडले आहे, ते आम्ही शेवटी निवेदन करू.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. घराणे राजकुलाशी सोयरिकीने जोडलेले, आणि घरात संस्कृत, संगीत व कथकळी यांचे वातावरण. मामा राजराजवर्मा स्वतः चित्रे काढीत. भाच्याच्या हाताचे वळण ओळखून त्यांनीच त्याला प्रथम शिकविले आणि १८६२ साली, चौदाव्या वर्षी, त्रिवेंद्रमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेले. महाराज गुणग्राहक होते. त्यांनी मुलाला राजवाड्यात ठेवून घेतले आणि चित्रसंग्रह पाहण्याची मोकळीक दिली.

परंतु तैलरंगांची विद्या मात्र सहजासहजी हाती येईना. दरबारातील चित्रकार रामस्वामी नायडू हे त्या कामात वाकबगार होते. त्यांनी या तरुणाला ती विद्या शिकविण्याचे नाकारले, असे चरित्रकार सांगतात. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा एक युरोपीय व्यक्तिचित्रकार त्रिवेंद्रमला आला. त्यानेही शिकविले नाही. काम चालू असता जवळ बसून पाहण्याची परवानगी तेवढी दिली. रंगात तेल किती, एक थर वाळल्यावर दुसरा केव्हा, हे सारे रविवर्मा यांनी पाहून, चुकून आणि पुन्हा करून आत्मसात केले. पुढील हकिगत वाचताना हा प्रसंग वाचकांनी ध्यानी ठेवावा. ज्याला विद्येचे दार बंद मिळाले, त्याच पुरुषाने पुढे आपल्या चित्रांचे दार सर्वांना उघडून दिले.

१८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला राज्यपालांचे सुवर्णपदक मिळाले, आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही गौरव झाला. आता संस्थानिक व इंग्रज अधिकारी यांची मागणी वाढली. धाकटे बंधू सी. राजराजवर्मा हे स्वतः निपुण चित्रकार असूनही थोरल्याच्या सावलीसारखे राहिले. प्रवास, पत्रव्यवहार, चित्रांतील पार्श्वभूमी, पुढे छापखान्याची देखरेख, अशी किती तरी ओझी त्यांनी वाहिली. रविवर्मा यांच्या नावावरील कीर्तीत या बंधूचा वाटा मोठा आहे, हे आवर्जून नमूद केले पाहिजे.

बडोद्याशी संबंध जुळला तो सर टी. माधवराव यांच्यामुळे. माधवराव हे तंजावरकडील मराठी घराण्यातले. आधी त्रावणकोरचे दिवाण आणि नंतर श्रीमंत सयाजीराव महाराज अल्पवयीन असताना बडोद्याचे दिवाण. रविवर्मा यांची योग्यता ते जाणून होते. महाराजांनी रविवर्मा यांच्याकडून राजपरिवाराची व्यक्तिचित्रे करवून घेतली, आणि पुढे रामायण, महाभारत व पुराणे यांतील प्रसंगांवर चौदा मोठी चित्रे काढण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. हे काम हाती घेण्यापूर्वी दोघे बंधू उत्तर हिंदुस्थानात हिंडले. पौराणिक स्त्रीपुरुषांना कोणता वेष द्यावा, याचा त्यांना शोध घ्यावयाचा होता. प्रांतोप्रांतीचे वेष निराळे. सर्वांना आपला वाटेल असा एकच वेष कोठेही सापडेना. अखेर त्यांनी नेसलेल्या साडीचा आश्रय केला, आणि आपल्या बायकांचे नऊवारी लुगडेही त्यांच्या चित्रांत मानाने आले. नल-दमयंती, शंतनू व मत्स्यगंधा, अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका ही चित्रे याच काळातली. १८९० च्या सुमारास हा संच पूर्ण होऊन त्रिवेंद्रम, बडोदे व मुंबई येथे लोकांस दाखविण्यात आला. पाहणाऱ्यांची रीघ लागली आणि चित्रांच्या छायाचित्रांना मोठी मागणी आली.

राजवाड्याच्या भिंतीवरील चित्र राजवाड्यात जाणाऱ्यालाच दिसणार. ही अडचण माधवराव यांनी १८८४ सालीच ओळखली होती. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या तैलरंगी छापील प्रती काढवाव्यात, म्हणजे कीर्ती पसरेल आणि देशाचीही सेवा होईल, असे त्यांनी रविवर्मा यांना पत्राने सुचविले होते. दहा वर्षांनी, १८९४ साली, रविवर्मा यांनी मुंबईजवळ घाटकोपर येथे स्वतःचाच छापखाना काढला. यंत्रे व तंत्रज्ञ जर्मनीहून आले. पुण्याची चित्रशाळा व कलकत्त्याचा आर्ट स्टुडिओ ही मंडळी देवादिकांची चित्रे आधीपासून छापीत होती. परंतु तैलचित्राची झाक असलेली छापील तसबीर या नव्या छापखान्याने विशेष लोकप्रिय केली. पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे निघाले.

ही छपाई मोठ्या कष्टाची असे. मूळ चित्रातील रंगांची फोड करून प्रत्येक रंगासाठी एक वेगळी गुळगुळीत शिळा तयार करावी लागे. त्या शिळेवर तेलकट खडूने तेवढ्याच रंगाचा भाग रेखाटीत. मग एकच कागद एकामागून एक सर्व शिळांवरून नेत, आणि दर वेळी तो अगदी जागच्या जागी बसावा लागे. केसभर सरकला, तर देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर यावयाचा. शेवटी वार्निश देऊन तैलचित्राची चकाकी आणीत.

या शिळांवरून लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण हजारोंनी बाहेर पडले आणि गरिबाच्या भिंतीवरही लागले. ज्यांना देवळाच्या पायरीशी उभे राहण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या घरीही देव आले. खुद्द रविवर्मा यांच्या त्रावणकोरात सर्व हिंदूंना मंदिरप्रवेशाची मोकळीक देणारी घोषणा १९३६ साली झाली, हे आठवले, म्हणजे या कागदी तसबिरीचे मोल कळते.

लोकांचा लाभ झाला, पण छापखाना धन्याला लाभला नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, कामगार पांगले. १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवावा लागला. तोटा वाढत गेला. अखेर १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रविवर्मा यांनी छापखाना तेथील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकून टाकला, आणि त्याबरोबर आपल्या अनेक चित्रांच्या प्रती काढण्याचा हक्कही दिला. त्यानंतर घरोघरी गेलेल्या प्रतींवर नाव रविवर्मा यांचे राहिले. विक्रीचा पैसा मात्र दुसऱ्याच्या पेटीत पडू लागला. हा व्यवहार राजीखुशीचा होता, त्याबद्दल श्लायशर यांना बोल लावण्याचे कारण नाही. या छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी पुढे १९१३ साली राजा हरिश्चंद्राचा चित्रपट काढला, हेही येथे सांगण्याजोगे आहे.

परंतु ज्यांनी काही विकत घेतले नाही, विचारलेही नाही, अशा नकलाकारांचे काय? रविवर्मा यांच्या देवता आगपेट्यांवर, कापडाच्या ठाणांवरील चिठ्ठ्यांवर आणि दिनदर्शिकांवर झळकू लागल्या. त्या काळी चित्रकाराला कायद्याचा आधार तोकडा होता. हिंदुस्थानातील १८४७ चा स्वामित्वहक्काचा कायदा मुख्यतः ग्रंथांसाठी होता. इंग्लंडात चित्रांसाठी १८६२ चा कायदा होता खरा. परंतु तो वसाहतींना लागू पडत नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली कॅनडातील एका दाव्यात दिला. १९०५ साली बंधू राजराजवर्मा निवर्तले आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मा यांनीही देह ठेवला. चित्रांना संरक्षण देणारा कायदा येथे लागू झाला तो त्यानंतर काही वर्षांनी. ज्याच्या चित्रांची सर्वाधिक नक्कल झाली, त्याला तो पाहावयास मिळाला नाही.

आजची स्थिती सभासदांस ठाऊक असणे इष्ट आहे. १९५७ च्या कायद्यानुसार चित्राचा कागद किंवा पट एकाच्या मालकीचा आणि त्याच्या प्रती काढण्याचा हक्क दुसऱ्याच्या मालकीचा असू शकतो. चित्र विकत घेतले, म्हणजे छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. तो लेखी करारानेच मिळतो. मात्र कोणी मोबदला देऊन चित्र मुद्दाम काढवून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर हक्क प्रथम काढवून घेणाऱ्याचा. चित्रकाराच्या मृत्यूनंतर हा हक्क पूर्वी पन्नास वर्षे राही; १९९२ पासून ती मुदत साठ वर्षांची झाली. हक्क विकल्यावरही चित्रावर आपले कर्तेपण सांगण्याचा आणि त्याची विटंबना झाल्यास दाद मागण्याचा अधिकार चित्रकाराकडे उरतो. रविवर्मा यांच्या बाबतीत पन्नास वर्षांचा हिशेब धरला, तरी मुदत १९५६ सालीच सरली. त्यांची चित्रे आता कोणीही छापावीत. मूळ चित्रे मात्र १९७९ पासून राष्ट्रीय कलानिधी ठरली असून ती देशाबाहेर विकता येत नाहीत. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत भस्मसात झाला. बडोद्याची चित्रे लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत. मुलाबाळांना ती एकदा अवश्य दाखवावीत.

आता ते निमित्त. गतवर्षीच्या उत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर आम्ही गणपतीचे एक सुंदर चित्र छापले होते. ते एका दिनदर्शिकेवरून घेतले होते. देवाचे चित्र, देवाच्याच कार्याला. मग कोणाला विचारावयाचे, अशी आमची समजूत होती. पत्रिका वाटून झाल्यावर एका सभासद भगिनीने चित्राच्या कोपऱ्याकडे बोट दाखविले. तेथे चित्रकाराची सही होती, आणि आमच्या छपाईत ती अर्धी कापली गेली होती. चित्रकार हयात आहेत. आम्ही पत्र लिहून त्यांची क्षमा मागितली आणि अल्पसे मानधन पाठविले.

देव कोणाच्या मालकीचा नाही, हे खरेच. पण त्याचे रूप कागदावर उतरविताना कोणाचे तरी डोळे शिणलेले असतात. पुजाऱ्याला आपण दक्षिणा देतो, मूर्तिकाराला मोल देतो. चितारणाऱ्यालाच का वगळावे? यापुढे मंदिराच्या कोणत्याही छापील कामात हयात चित्रकाराचे चित्र त्याच्या परवानगीवाचून घेतले जाणार नाही, आणि चित्राखाली त्याचे नाव छापले जाईल, असा ठराव कार्यकारी मंडळाने केला आहे. या वर्षीच्या पत्रिकेवर रविवर्मा यांची लक्ष्मी असेल. तिच्यासाठी आता कोणाच्या परवानगीची गरज नाही. तरीही तिच्याखाली रविवर्मा यांचे नाव आम्ही छापणार आहोत.