भूगर्भाचा वेध घेणारे शास्त्रज्ञ

जमिनीच्या पोटात काय दडले आहे, हे खणल्यावाचून कसे ओळखावे? हंगेरीतील लोरांड ओटव्होश यांनी या प्रश्नाचा आयुष्यभर ध्यास घेतला.

त्यांचा जन्म २७ जुलै १८४८ रोजी झाला. वडील नामांकित लेखक व देशाचे शिक्षणमंत्री होते. लोरांड प्रथम कायदा शिकू लागले. परंतु त्यांच्या मनाचा ओढा विज्ञानाकडे होता. म्हणून ते जर्मनीस गेले व १८७० मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाची पदवी घेऊन परतले. पुढे ते मायदेशी प्राध्यापक झाले.

पृथ्वीची ओढ सर्वत्र सारखी नसते. जमिनीखाली जड खडक असल्यास ती किंचित वाढते, हलका असल्यास किंचित घटते. हा सूक्ष्म फरक टिपण्यासाठी ओटव्होश यांनी एक नाजूक तराजू सिद्ध केला. बारीक तारेला आडवी दांडी टांगलेली. तिच्या एका टोकावर एक वजन, तर दुसऱ्या टोकाखाली लोंबणारे दुसरे. दोन्ही वजनांवरील ओढीत फरक पडला, की दांडी कणभर वळे व तारेला पीळ पडे. एका जागेचे मोजमाप पुरे होण्यास कित्येक तास लागत.

१८९१ मध्ये त्यांनी शाग टेकडीवर हा तराजू प्रथम उघड्यावर वापरला. १९०१ च्या हिवाळ्यात बालातोन सरोवर गोठले, तेव्हा त्याच्या सपाट बर्फावर थंडीची पर्वा न करता त्यांनी मोजमापे घेतली.

परंतु आकडे मिळाले म्हणजे उत्तर मिळाले, असे नव्हे. खोल असलेला मोठा खडक आणि उथळ असलेला लहान खडक यांची ओढ कधी सारखीच भासते. म्हणून ओटव्होश त्याच जागी चुंबकीय बलही मोजीत व दोन्ही साक्षी ताडून पाहत.

१९१६ मध्ये ग्बेली येथील तेलक्षेत्रावर त्यांच्या पद्धतीची कसोटी लागली. विहिरी खणून जे कळले होते, तेच तराजूने वरूनच दाखवले!

८ एप्रिल १९१९ रोजी ओटव्होश यांचे निधन झाले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९२४ मध्ये, अमेरिकेतील टेक्सास प्रांतात त्यांच्या तराजूने जमिनीखालील मिठाचा प्रचंड घुमट शोधून काढला. बुडापेस्टचे विद्यापीठ १९५० पासून त्यांचे नाव अभिमानाने मिरवीत आहे. जे डोळ्यांना दिसत नाही, तेही चिकाटीने व विवेकाने जाणता येते, हेच त्यांच्या जीवनाने दाखवून दिले.