रमाबाई रानडे आणि परिचारिकांचा वर्ग

रमाबाई रानड्यांचे नाव निघाले की वाचकांना 1910 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणीच प्रथम स्मरतात. ते साहजिकच आहे. पण आमच्या मते त्यांचे अधिक अवघड कार्य पुण्याच्या ससून रुग्णालयात झाले.

1873 च्या डिसेंबरात कुर्लेकरांची ही अजाण, निरक्षर मुलगी महादेव गोविंद रानड्यांच्या घरी आली. पतीने हाती पाटी दिली आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांनी त्या पाटीपायी छळ मांडला. शिकणे आणि सोसणे वर्षानुवर्षे बरोबरच चालले. 1901 साली न्यायमूर्ती गेले. विधवेने कोपरा धरावा हा तेव्हाचा रिवाज. रमाबाईंनीही काही काळ तो धरला; मग येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना त्या भेटू लागल्या, आणि 1909 साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात आपल्याच वाड्यात सेवासदन उघडले.

शिवण-टिपण, लिहिणे-वाचणे याला लोकांची फारशी हरकत नव्हती. कसोटी लागली ती 1911 मध्ये, ससूनमध्ये परिचारिकांच्या शिक्षणासाठी बायका धाडण्याची वेळ आली तेव्हा. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रोग्याचे मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची! हे काम ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन बायकांचे, ब्राह्मणाघरच्या विधवेचे नव्हे, असे सुशिक्षितांनाही वाटे. वास्तविक याच विधवा घरोघरी आजारपणे आणि बाळंतपणे विनामोल काढीतच होत्या. त्या कष्टांना शिक्षणाची आणि पगाराची जोड मिळणार म्हणताच धर्म आठवला! जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील, सरहद्दीवरच्या वांकिडीची एखादी मराठी मुलगी आज नर्सिंग शिकायचे म्हणाली, तर घरचे आधी फीची चौकशी करतील. पुण्यात तेव्हा जातीची होई.

रमाबाई वाद घालीत बसल्या नाहीत. त्यांनी विधवांना आणि तरुण मुलींना धीर देऊन या शिक्षणाकडे वळविले. न्यायमूर्तींची पत्नी स्वतः पाठीशी आहे, हा भरवसा नसता तर किती घरांनी लेकी-सुना धाडल्या असत्या, याची शंकाच आहे.

1924 साली रमाबाईंनी देह ठेवला. परिचर्येचे पदवी-शिक्षण आपल्या देशात दिल्ली आणि वेल्लोर येथे 1946 साली सुरू झाले. परिचारिकांच्या शिक्षिका घडविणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम दिल्लीत निघाला तो 1959 मध्ये.