आर्ने लार्सन: पेसमेकर बसवलेला पहिला माणूस

पेसमेकर बसवून घरी गेलेला रुग्ण आठ-दहा दिवसांनी जखम दाखवायला येतो, तेव्हा हृदयापेक्षा खांद्याचीच तक्रार जास्त असते. डाव्या कुशीवर झोपता येत नाही, सदरा घालताना ओढ बसते, कातडीखाली टणक डबी हाताला लागते. नेवासा-शेवगावकडचा शेतकरी असेल तर कडबाकुट्टी चालवायची की नाही, हेही त्याला विचारायचे असते. घरच्यांना एवढेच हवे असते, की हे दुखणे थांबणार कधी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अशा रुग्णांना दूरच्या स्वीडनमधल्या आर्ने लार्सन यांची गोष्ट उपयोगी पडेल. पूर्णपणे शरीराच्या आत बसवलेला पेसमेकर जगात सर्वांत आधी त्यांना मिळाला.

लार्सन यांचा जन्म १९१५ चा, व्यवसायाने ते इंजिनिअर. चाळिशी ओलांडल्यावर एका संसर्गानंतर त्यांना हार्ट ब्लॉक झाला. (रक्तवाहिनीतला ब्लॉकेज वेगळा. इथे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला विजेचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचत नाही.) ठोके मध्येच थांबत आणि ते बेशुद्ध पडत. दिवसातून वीस-तीस वेळा असे होई. त्या काळी यावर भरवशाचा इलाज नव्हता.

त्यांच्या पत्नी एल्स-मारी मात्र स्वस्थ बसल्या नाहीत. शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि रूने एल्मक्विस्ट हे दोघे शरीरात बसवता येईल अशा यंत्रावर काम करत आहेत, हे त्यांना समजले. ते काम अजून प्राण्यांवरच्या प्रयोगांपर्यंतच आले होते आणि माणसात बसवण्याजोगे यंत्र तयार नव्हते. एल्स-मारींनी दोघांचाही पिच्छा पुरवला. शेवटी एल्मक्विस्ट यांनी बूट पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात दोन ट्रान्झिस्टर आणि बॅटरी राळेसारख्या द्रव्यात ओतून बसवली. रुग्णासाठी धावपळ करणारे नातेवाईक आम्ही रोज पाहतो, पण यंत्रच बनवून घेणारी पत्नी विरळा.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. छाती उघडून तारा थेट हृदयाच्या पृष्ठभागावर शिवल्या. काही तासांतच ते यंत्र बंद पडले. दुसरे बसवले, तेही फार टिकले नाही. त्यानंतर काही काळ लार्सन यांना पेसमेकरविनाच काढावा लागला आणि नव्या यंत्रांसाठी पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्याव्या लागल्या. आयुष्यभरात त्यांना २६ पेसमेकर लागले.

आज असे होत नाही. बहुतेक रुग्णांची छाती उघडावी लागत नाही. जागा बधिर करून गळपट्टीच्या हाडाखाली छोटा छेद घेतात, शिरेतून वायर हृदयात सोडतात आणि डबी कातडीखाली ठेवतात. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षे चालते. ती संपली की बहुधा फक्त डबी बदलावी लागते. छेद लहान असला तरी कातडीखाली कप्पा केलेला असतो, त्यामुळे तिथे दुखणारच. पहिले काही दिवस जास्त दुखते, मग हळूहळू कमी होते. ओढ किंवा बधिरपणा काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही राहतो. सडपातळ माणसाला डबी जास्त जाणवते. सीट बेल्ट किंवा पिशवीचा पट्टा तिथे घासत असेल तर मध्ये मऊ कापडाची घडी ठेवावी.

चार ते सहा आठवडे त्या बाजूचे कोपर खांद्याच्या वर नेऊ नका आणि जड उचलू नका, नाहीतर वायर जागेवरून सरकू शकते. पण भीतीपोटी हात महिनाभर पोटाशी धरून बसणे तितकेच वाईट. खांदा आखडतो आणि मग पेसमेकरपेक्षा खांद्याचेच दुखणे मोठे होऊन बसते. जेवणे, केस विंचरणे, खांद्याच्या खाली हात फिरवणे पहिल्या दिवसापासून सुरू ठेवा.

जागा लाल किंवा गरम झाली, सूज वाढू लागली, पू किंवा ताप आला, डबीवरची कातडी पातळ पडली, अख्खा हात सुजला, पुन्हा चक्कर आली, दम लागला किंवा उचकी थांबेना, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. सुजेत साठलेले पाणी कुठेही सुईने काढून घेऊ नका, त्यातून जंतू आत जाऊ शकतात.

कडबाकुट्टीबद्दल सांगायचे तर जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बहुतेक शेतीकामे करता येतात. चालू मोटार किंवा इंजिनावर छाती टेकवून वाकू नका, आणि वेल्डिंग करत असाल तर आधी विचारा. मोबाइल दुसऱ्या बाजूच्या कानाला लावा, त्या बाजूच्या वरच्या खिशात ठेवू नका. शिर्डीला दर्शनाला गेलात तर तपासणीच्या दारातून न रेंगाळता चालत जायला हरकत नाही. हातातले यंत्र डबीवर धरून ठेवू देऊ नका आणि पेसमेकरचे कार्ड जवळ ठेवा.

लार्सन यांनी पुढे पेसमेकर घेतलेल्या रुग्णांचा प्रतिनिधी म्हणून काम केले. इतक्या शस्त्रक्रियांची भीती त्यांना कधी वाटलीच नसेल, असे मानायचे कारण नाही. तरीही दर वेळी ते टेबलावर गेले आणि पुन्हा घरी परतले. एल्मक्विस्ट १९९६ मध्ये वारले, सेनिंग २००० मध्ये. लार्सन यांचे निधन २८ डिसेंबर २००१ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी झाले. कारण त्वचेचा कर्करोग होता.