भास्कराचार्य आणि पाटणचा मठ

गणिताचा तास आला म्हणजे आमच्यापैकीं पुष्कळांच्या छातींत धडकी भरते, हें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. परंतु ह्याच विषयाची गोडी लावणाऱ्या एका थोर आचार्याचें नांव आपल्या खानदेशांतील एका शिलालेखावर कोरलेलें आहे, हें किती जणांस ठाऊक असेल?

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्यें झाला. वडील महेश्वर हे स्वतः मोठे ज्योतिषी. तेच मुलाचे गुरु. सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जलविड हें आपलें गांव, असें आचार्य सांगतात. तें चाळीसगांवजवळचें पाटण, असें कित्येकांचें मत आहे. दुसरे कित्येक तें अन्यत्र दाखवितात. केवळ अभिमानापोटीं हा वाद आपल्या बाजूनें मिटविणें आम्हांस बरें वाटत नाहीं. वयाच्या ३६ व्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि हा ग्रंथ रचिला. लीलावती हा त्याचाच पहिला भाग.

लीलावतींत गुणाकाराचें एक साधें उदाहरण आहे: १३५ ला १२ नीं गुणावयाचें. आचार्य एक रीत देऊन थांबत नाहींत. १२ चे ८ आणि ४ असे भाग करून गुणावें व बेरीज घ्यावी. किंवा आधीं ३ नीं, मग ४ नीं गुणावें. किंवा २० नीं गुणून ८ पट वजा करावी. कोणत्याही वाटेनें गेलें तरी उत्तर १६२० च येतें. एकच रीत घोकून ती ऐन परीक्षेंत विसरणाऱ्या आम्हां मुलांस ह्याचें मोल निराळें सांगावयास नको.

दुसरें एक उदाहरण कमळाचें आहे. कळी पाण्याच्या वर अर्धा हात उभी आहे; वाऱ्यानें ती कलते आणि २ हातांवर पाण्यांत बुडते; तर पाणी किती खोल? कमळ कललें तरी देठाची लांबी बदलत नाहीं, एवढें ज्याच्या ध्यानांत आलें त्यास काटकोन त्रिकोण आपोआप दिसूं लागतो. २ चा वर्ग ४. त्यास अर्ध्यानें भागून ८. त्यांतून अर्धा वजा करून उरलेल्याचें अर्ध केलें कीं पावणेचार हात. ग्रंथाच्या ज्योतिषविषयक भागांवर तर आचार्यांनीं वासनाभाष्य नांवाची टीका स्वतःच लिहिली आणि प्रत्येक नियमामागचें कारण उलगडून दाखविलें.

लीलावती ही त्यांची कन्या, घटिकापात्रांत मोतीं अडकून तिचा मुहूर्त टळला, ही कथा सर्वांनीं ऐकली आहे. ती फैजीनें इ. स. १५८७ मध्यें केलेल्या फारसी भाषांतरांत येते. आचार्यांच्या ग्रंथांत तिचा मागमूस नाहीं. कथा गोड आहे खरी, पण कमळाचें उदाहरण आम्हांस अधिक गोड वाटतें.

इ. स. ११८३ मध्यें, उतारवयांत, त्यांनीं करणकुतूहल लिहिला. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर ह्यांस यादव राजा जैत्रपाल ह्यानें पाटणाहून आपल्या पदरीं नेलें, आणि नातू चांगदेव हे सिंघण राजाचे मुख्य ज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून चांगदेवांनीं पाटण येथें मठ स्थापिला. आज आपण ज्यास पाटणादेवी म्हणतों, तेंच हें ठिकाण. तेथील शिलालेख भाऊ दाजी लाड ह्यांनीं गेल्या शतकाच्याही आधीं, इ. स. १८६५ च्या सुमारास, वाचून विद्वानांपुढें मांडिला.

निकुंभ वंशांतील सोइदेवानें इ. स. १२०७ मध्यें ह्या मठास दान दिलें, असें त्यांत नमूद आहे. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतांत असून दानाचा तपशील मात्र जुन्या मराठींत आहे, कारण तो बाजारांतील लोकांस कळावयास हवा होता. पाटणांत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा कांहीं हिस्सा मठास मिळावा, आणि जितके घाणे चालतील तितक्या पळ्या तेल. ज्या तेल्यास कमळाचें गणित जन्मांत कधीं सोडवावें लागलें नसेल, त्याच्याही घाण्यांतील पळीभर तेल तेथें गणित शिकणाऱ्यांसाठीं जात असे.