गळ्यातली माळ हीच ओळख

कोकणात दिवेलागण झाली की घरोघरी काही ना काही म्हटले जाते. कुठे शुभंकरोती आणि परवचा, कुठे रामरक्षा, कुठे हरिपाठ. आमच्या रत्नागिरीपासून खाली वेंगुर्ला-सावंतवाडीपर्यंतचा मुलूख 1981 पर्यंत एकाच जिल्ह्यात होता. या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत याच वेळेला जो जप चालतो, त्याला कोकणीत ‘तेर्स’ म्हणतात. तेर्स म्हणजे रोझरी, मरियामातेची जपमाळ.

शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याचा अर्थ तिसरा हिस्सा. बायबलमध्ये दीडशे स्तोत्रे आहेत. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी त्यांच्याऐवजी दीडशे वेळा मरियेला नमन करावे, अशी प्रथा युरोपात रुळली असे मानतात. त्यातली पन्नास नमने एका बैठकीत म्हणायची, म्हणून तो तिसरा हिस्सा. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 मध्ये येशूच्या जीवनातल्या आणखी पाच प्रसंगांची भर घातली आणि हिशेबाने तो आता चौथा हिस्सा झाला. घरातले नाव मात्र तेर्सच राहिले.

मी ख्रिस्ती नाही. शेजारधर्माने कानावर पडणारा हा जप ऐकताना एक प्रश्न मात्र नेहमी मनात येई. तेच वाक्य पन्नास वेळा म्हणून माणसाला काय मिळते? नामस्मरणाबद्दलही हाच प्रश्न विचारला जातो, हे मला ठाऊक आहे. त्याचे पटेल असे उत्तर मला धर्मशास्त्राच्या पुस्तकापेक्षा एका माणसाच्या चरित्रात सापडले. तो माणूस आपल्या शेजारच्या गोव्याचा. त्यांचे नाव जोसेफ वाझ.

वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी साष्टी तालुक्यातल्या बाणावलीला, आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घराणे मूळचे ब्राह्मण, काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. पोर्तुगीज आणि लॅटिन शिकून, जेझुइट आणि डॉमिनिकन संस्थांत अभ्यास करून ते 1676 मध्ये धर्मगुरू झाले. पुढच्याच वर्षी, 5 ऑगस्ट 1677 रोजी, त्यांनी सांकवाळच्या चर्चमध्ये आपण मरियामातेचे कायमचे दास आहोत, असे लिहून दिले. हे दास्यपत्र त्यांनी जन्मभर पाळले.

त्या काळी गोव्यात सत्ता पोर्तुगीजांची आणि चर्चही त्यांच्याच हातात. एतद्देशीय तरुण धर्मगुरू होऊ शके, पण मोठ्या युरोपीय संघांची दारे त्याला बंद असत. वाझ यांनी त्यावर तक्रारीचा सूर लावला नाही. कानडा मुलखात बसरूर, गंगोळी, मंगळूर या भागात काही वर्षे काम करून ते परतले आणि 1685 मध्ये जुन्या गोव्यातल्या काही देशी धर्मगुरूंच्या छोट्या मंडळात सामील झाले. ही ऑरेटरी पूर्णपणे गोवेकरांची होती. तिला शिस्त लावून देण्याचे काम वाझ यांनी केले.

पण त्यांचे मन सिंहलद्वीपात होते. तिथे उलटेच चक्र फिरले होते. 1658 मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून जाफना जिंकले. डच कंपनीचा पंथ वेगळा. तिने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली, चर्च ताब्यात घेतली, उपासना गुन्हा ठरवली. गोव्यात जो धर्म राजाचा होता, तो समुद्रापलीकडे लपूनछपून पाळण्याचा झाला. गोरा पाद्री तिथे उतरला तर क्षणात ओळखू आला असता. सावळ्या वर्णाचा वाझ मजुराच्या वेषात खपून जाणार होता. जो रंग गोव्यात आड येई तो इथे उपयोगी पडला.

1687 मध्ये जॉन नावाच्या इमानी सेवकाबरोबर ते तुतिकोरिनहून जाफन्यात पोचले ते आमांशाने अर्धमेले होऊन. लोकांनी साथीच्या भीतीने त्यांना दूर ठेवले, आणि कुणा गरीब बाईने दिलेल्या पेजेवर ते जगले. बरे झाले, पण पुढे काय? कॅथलिक कोण हे विचारायची सोय नव्हती. विचारणाराही पकडला जाई आणि सांगणाराही.

तेव्हा वाझ यांनी गळ्यात ठळक दिसेल अशी जपमाळ घातली आणि घरोघर भीक मागायला सुरुवात केली. बोलायचे काही नाही. फक्त दारात उभे राहायचे आणि त्या माळेकडे कोण कसे बघते ते बघायचे. बहुतेकांना ती भिकाऱ्याच्या गळ्यातली माळ वाटे. पण काही डोळे तिथे अडकत. अशा एका घराची खात्री पटल्यावर त्यांनी हळूच आपली ओळख दिली. मग सिल्लालै या गावात त्यांना आसरा मिळाला आणि रात्री-अपरात्री प्रार्थना सुरू झाल्या.

इथे मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. जवळजवळ तीस वर्षे ज्या मुलखात उघडपणे धर्मगुरू नव्हता, तिथल्या माणसांना ती माळ ओळखता आली. मिस्साविधीला धर्मगुरू लागतो, चर्च लागते. माळेला दोन माणसे पुरतात, अर्धे नमन एकाने म्हणायचे आणि उरलेले दुसऱ्याने. दर दहा मण्यांना येशूच्या जीवनातला एक प्रसंग मनाशी धरायचा. म्हणजे अक्षरओळख नसलेल्या आजीकडूनही नातवंडापर्यंत सारी कथा पोचते. पुनरुक्ती इथे पाठांतराचे काम करते, आणि जे पाठ झाले ते कुठल्याही सरकारला जप्त करता येत नाही.

पुढचे आयुष्य सोपे नव्हते. डचांचा ससेमिरा लागल्यावर ते कँडीच्या राज्यात गेले आणि तिथे 1692 मध्ये पोर्तुगीजांचे हेर म्हणून कैदेत पडले. कैदेत ते सिंहली शिकले, अंगणात झोपडी उभारून त्यांनी प्रार्थना चालवली. बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याचा संशय हळूहळू फिटला. 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा आणि श्रीमंत शहर सोडून गेले, तेव्हा वाझ आणि त्यांच्या सोबत्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांची धर्म न विचारता शुश्रूषा केली, मेलेल्यांना मूठमाती दिली. त्यानंतर राजाने त्यांना राज्यात मोकळेपणी फिरू दिले. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. त्यांची कबर आज सापडत नाही. 1995 मध्ये कोलंबोत त्यांना धन्य घोषित केले गेले आणि 14 जानेवारी 2015 रोजी तिथेच पोप फ्रान्सिस यांनी संतपद दिले. श्रीलंकेचा पहिला संत गोव्याच्या मातीतला आहे.

आज तेर्सावर कुठलीही बंदी नाही. तरीही आमच्या परिसरात तो विरळ होत चाललाय, जसा परवचा विरळ झाला. मुले मुंबईला, आखातात, आणि घरी असलेल्यांच्या हातात मोबाइल. डचांच्या शिपायांना जे जमले नाही ते या सवडीच्या टंचाईने होऊ पाहते आहे. धर्म कुठलाही असो, दिवसातून पंधरा-वीस मिनिटे सारे घर एकत्र बसून एकाच सुरात काही म्हणते, तेव्हा लहानांना मोठ्यांचा आवाज पाठ होतो. एखाद्या घरावर वाईट दिवस आले तर हाच आवाज त्यांना सोबत करील. म्हणून आज संध्याकाळी दिवा लावल्यावर, माळ असो वा पोथी, तुमच्या घरात जे म्हणण्याची रीत असेल ते मुलांना शेजारी बसवून म्हणा.