काजळीमागचा चेहरा : बर्ट विल्यम्स

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले आणि पुढची तीन वर्षं कोलंबिया विद्यापीठात शिकले. विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम, कृष्णवर्णीयांची वाढती वस्ती. त्याच काळात न्यूयॉर्कमध्येच एक कृष्णवर्णीय नट ब्रॉडवेवर गोऱ्या प्रेक्षकांना पोट धरून हसवत होते. त्यांचं नाव बर्ट विल्यम्स. चार्ली चॅप्लिन आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे. विल्यम्स फारसे कुणाला माहीत नाहीत. आंबेडकरी तरुणांनी तरी ते माहीत करून घ्यावेत.

जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. पुढच्याच वर्षी, १२ नोव्हेंबर १८७४ रोजी, बहामा बेटांवरच्या नासाऊ शहरात विल्यम्स यांचा जन्म झाला. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत आलं आणि कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावी स्थिरावलं. गुलामी कायद्याने संपली होती, माणसांच्या डोक्यातून गेली नव्हती. विल्यम्स उंच, देखणे, उजळ रंगाचे. इंग्रजी स्वच्छ बोलायचे. हे मुद्दाम सांगतो, कारण रंगमंचावर त्यांना यातलं काहीच चालणार नव्हतं.

त्या काळी अमेरिकेत गोरे नट जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करायचे. आळशी, बावळट, कोंबड्या चोरणारा, मोडकंतोडकं बोलणारा असा तो ठरलेला ‘काळा’. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम्स यांना जॉर्ज वॉकर हा जोडीदार मिळाला. या दोघांनी स्वतःची जाहिरात केली ती ‘दोन खरेखुरे कून’ अशी. कून ही कृष्णवर्णीयांसाठीची शिवी. नकली काळ्यांच्या बाजारात खऱ्यांना उभं राहायला शिवीच पाटी म्हणून लावावी लागली! पुढे डेट्रॉइटमधल्या एका थिएटरात विल्यम्स यांनी गंमत म्हणून पहिल्यांदा तोंडाला काजळी फासली. प्रेक्षक खूश झाले. ती काजळी मग जन्मभर सुटली नाही. उजळ चेहरा काळा करायचा, शुद्ध भाषा मोडायची, आणि मग हसवायचं. रंगमंचावरची ती बोली त्यांना एखाद्या परक्या भाषेसारखी शिकावी लागली होती.

१९०० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये वंशद्वेषी दंगल उसळली. जमाव प्रसिद्ध कृष्णवर्णीय नटांची नावं घेऊन त्यांना शोधत होता. वॉकर कसेबसे वाचले. आदल्या रात्री टाळ्या वाजवणारे लोक दुसऱ्या दिवशी काठ्या घेऊन येऊ शकतात, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. तरी दोघे थांबले नाहीत. १९०३ मध्ये ‘इन दाहोमी’ हे संगीत नाटक ब्रॉडवेच्या मोठ्या थिएटरात आलं. लेखन, गीतं, संगीत, अभिनय सगळं कृष्णवर्णीयांचं. मोठ्या ब्रॉडवे थिएटरात असं पूर्ण लांबीचं संगीत नाटक त्याआधी झालेलं नव्हतं. ते लंडनलाही गेलं आणि बकिंगहॅम राजवाड्यात त्याचा प्रयोग झाला.

१९११ मध्ये वॉकर वारले. त्याआधीच, १९१० साली, निर्माता झिगफेल्ड याने विल्यम्स यांना आपल्या ‘फॉलीज’ या बड्या कार्यक्रमात घेतलं. बाकी सगळे नट गोरे. काळ्या माणसाबरोबर काम करणार नाही, अशी धमकी त्यांनी दिली. झिगफेल्ड बधला नाही. तुम्हा कुणाचीही जागा भरता येईल, याची येणार नाही, असं त्याने सुनावल्याचं सांगतात. १९१९ पर्यंत, मधली एकदोन वर्षं सोडली तर, विल्यम्स त्या कार्यक्रमाचं मोठं आकर्षण होते.

पैसा भरपूर आला. ‘नोबडी’ या त्यांच्या गाण्याच्या तबकड्या एक ते दीड लाख खपल्याचा अंदाज आहे. १९२० या एकाच वर्षात त्यांच्या चार गाण्यांच्या प्रत्येकी जवळपास दोन लाख तबकड्या बाजारात गेल्या. तबकड्यांवर सर्वाधिक कमावणाऱ्या जगातल्या पहिल्या तीन गायकांत त्यांची गणना होत होती. पण पैशाने काय विकत मिळतं? एक किस्सा नेहमी सांगतात. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉटेलात ते प्यायला गेले. यांना हाकलावं म्हणून गोऱ्या नोकराने एका पेल्याची किंमत पन्नास डॉलर सांगितली. विल्यम्स यांनी शंभराच्या नोटांची गुंडाळी काउंटरवर ठेवली आणि तिथे बसलेल्या सगळ्यांसाठी एकेक पेला मागवला.

ते विकले गेले होते का? त्यांच्या समाजातल्याही काहींनी तेव्हा ही टीका केली. मला ती अर्धीच पटते. आपल्या तमाशातला सोंगाड्या आठवा. रात्रभर पाटलाची टर उडवून गाव हसवणाऱ्या त्या माणसाला सकाळी चहा वेगळ्या कपातून मिळायचा. विल्यम्स यांनी त्या ठरलेल्या ‘काळ्या’च्या सोंगातून एक खरा माणूस बाहेर काढला. सगळीकडून मार खाणारा, पण आतून विचार करणारा. १९१६ च्या ‘अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर’ या मूकपटात एकटाच बसून, हातात पत्ते नसताना, पत्त्यांचा अख्खा डाव खेळणारे विल्यम्स बघा. तिथे रंगाचा विनोद नाही, फक्त माणूस आहे. तरीही काजळी होती, आणि तिने त्या घाणेरड्या प्रतिमेला बळ दिलं, हेही खरं. व्हॉट्सअॅपवर आरक्षणाचे जोक फिरवणाऱ्यांना हसून साथ देणारी आपली पोरं बघितली की हे जास्तच जाणवतं.

घरी ते शांत, एकांतप्रिय होते. पुस्तकांचा मोठा संग्रह होता. पत्नी लॉटी स्वतः रंगमंचावर काम केलेल्या. मूल झालं नाही. लॉटी यांच्या तीन भाच्यांना दोघांनी वाढवलं. १९०४ मध्ये फ्रीमेसन संघटनेचं सदस्यत्व त्यांना मिळालं, तेही स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत. १९१९ मध्ये नटांचा मोठा संप झाला. विल्यम्स नेहमीप्रमाणे थिएटरात आले, तोंड रंगवलं, बाहेर पाहिलं तर सगळं रिकामं. संपाचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, असं म्हणतात.

१९२२ च्या सुरुवातीला ‘अंडर द बांबू ट्री’ या नाटकाचा दौरा चालू होता. सगळ्या गोऱ्या नटांत एकटे कृष्णवर्णीय. न्यूमोनिया झालेला, पण आपण थांबलो तर प्रयोग बंद पडेल म्हणून ते उभे राहत होते. २७ फेब्रुवारीला डेट्रॉइटमध्ये, जिथे पहिल्यांदा काजळी फासली त्याच शहरात, ते रंगमंचावर कोसळले. प्रेक्षकांना तो विनोदाचाच भाग वाटला. ते हसत राहिले.

४ मार्च १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते गेले. वय ४७. अंत्यदर्शनाला हजारो लोक रांगेत उभे होते. अमेरिकेतल्या गोऱ्यांच्या फ्रीमेसन शाखेने त्यांचे अंत्यविधी आपल्या रीतीने केले. एखाद्या कृष्णवर्णीयाच्या वाट्याला हे पहिल्यांदाच आलं.